भाटीचं ऑपरेशन बुधवारी, आणि ती कालपासून माजावर

सायलेंट म्याव | सोमवार, रात्री ९:१०

सात महिन्यांची देशी भाटी (मांजरी), वजन २ किलो ६०० ग्रॅम. ट्रायकॅट लशीचे दोन्ही डोस आणि रेबीज झालंय. बुधवारी सकाळी नसबंदीची वेळ घेतली आहे आणि काल रात्रीपासून बाईसाहेबांनी सुरू केलंय: लोळणं, शेपटी एका बाजूला, मागचा भाग वर, आणि ते काळीज चिरणारं ओरडणं. खाली पार्किंगमध्ये दोन बोके ड्यूटीवर हजर.

माजात ऑपरेशन करतात का, की पुढे ढकलायचं? एवढ्याशा जिवाला भूल झेपते का? घरातले ज्येष्ठ म्हणतात "एक वेत होऊ दे, मग करा", त्यात काही तथ्य आहे का? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं असतं? नेटवर इतकं वाचलंय की आता काहीच कळेनासं झालंय.

आगाऊ बोका | सोमवार, रात्री ९:१८

पार्किंगमधल्या दोघांतर्फे: पुढे ढकला.

गच्चीवरचं ऊन | सोमवार, रात्री ९:४५

आधी माजाचं. माजात गर्भाशयाला आणि अंडाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, ऊती फुगलेल्या आणि जरा ठिसूळ असतात. धागा आवळताना फाटायची शक्यता वाढते, रक्त थोडं जास्त जातं. हात बसलेला सर्जन माजातही सहज करतो. पण निरोगी मांजरीत वाट बघायची सोय असेल तर बरेच डॉक्टर थांबतात.

मात्र फार थांबायचं नाही. मांजराचा माज साधारण आठवडाभर चालतो, आणि बोका मिळाला नाही तर एक ते तीन आठवड्यांत पुन्हा सुरू होतो. मांजरांचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. थंड देशांत हिवाळ्यात खंड पडतो, आपल्याकडे दिवस तेवढे आखूड होतच नाहीत, म्हणून वर्षभर हेच. ओरडणं पूर्ण थांबल्यावर पाच-सात दिवसांनी जी तारीख मिळेल ती घ्या. काहींचा माज संपतो न संपतो तोच दुसरा लागतो, तिथे डॉक्टर माजातच उरकतात. तेही ठीकच.

उद्या सकाळी आठला फोन करून "माजावर आली आहे" एवढं सांगा. निर्णय त्यांचा. बुधवारी टेबलावर घेतल्यावर त्यांना कळू नये.

तोपर्यंत गॅलरीचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, एक्झॉस्ट फॅनचं भोक, सगळं बंद. मांजरीत बहुधा समागमानंतरच अंडी सुटतात, त्यामुळे "एकदाच निसटली होती" याला काही किंमत नाही. तेवढं पुरतं.

टाका उलटा टाका सुलटा | सोमवार, रात्री १०:२०

"एक वेत होऊ दे" याला शास्त्रीय आधार नाही. उलट आहे ते असं:

सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ९१ टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत झाली तर ८६ टक्क्यांनी. तेरा ते चोवीस महिन्यांत केली तर फायदा ११ टक्क्यांवर येतो. आणि मांजरीच्या स्तनातल्या गाठी कुत्रीसारख्या निम्म्या-निम्म्या साध्या नसतात, दहातल्या आठ-नऊ घातक निघतात. तुमची सात महिन्यांची आहे, म्हणजे अजून ८६च्या कप्प्यात. एक वेत म्हणजे ६३ ते ६५ दिवस गाभण, मग दीड-दोन महिने पाजणं, मग दूध आटायला दोन आठवडे. हातातलं वर्ष संपत आलं.

शिवाय गर्भाशयात पू होण्याचा धोका. त्याचं ऑपरेशनही हेच, फक्त मांजर तापलेली, पाणी तुटलेली, आणि वेळ बहुधा रविवार रात्र.

कोकणी कांडर | सोमवार, रात्री १०:३१

ज्येष्ठांना एवढंच विचारा, पिल्लं फिरवायला सात घरं कुठली धरली आहेत? वाड्यात होती तेव्हा होती. टू बीएचकेत सातवं घर म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीचं.

बंद खिडकी | सोमवार, रात्री ११:०५

ऑपरेशनऐवजी माज थांबवायची गोळी किंवा इंजेक्शन मिळतं ना? तीन-चार महिन्यांची निश्चिंती. तोवर मांजर मोठी होईल, मग बघू.

टाका उलटा टाका सुलटा | सोमवार, रात्री ११:२२

@बंद खिडकी, नका. ती प्रोजेस्टेरॉन जातीची औषधं. मांजरीत त्यांनी स्तन एकदम फुगून लिंबाएवढ्या गाठी होतात, गर्भाशयात पू होतो, साखर वाढते. आधी इंजेक्शन आणि मग त्याचे परिणाम निस्तरत ऑपरेशन, असं दोनदा करण्यात अर्थ नाही.

भूलभुलैया | मंगळवार, सकाळी ७:५०

मूळ प्रश्नात भुलीचंही विचारलंय, त्यावर सविस्तर लिहितो.

२००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधल्या शंभराहून जास्त दवाखान्यांतून भुलीच्या नोंदी गोळा केल्या होत्या. निरोगी मांजरांत मृत्यूचं प्रमाण ०.११ टक्के, म्हणजे हजारात साधारण एक. आजारी मांजरांत १.४ टक्के. या दोन आकड्यांतला फरक बघितला की ऑपरेशनआधीची तपासणी कशासाठी असते ते कळतं. दुसरं असं की मांजरांचे निम्म्याहून जास्त मृत्यू टेबलावर झालेच नव्हते, शुद्धीवर येतानाच्या काळात झाले होते, आणि त्यातलेही बरेचसे पहिल्या तीन तासांत. लोकांचं लक्ष सुरीकडे असतं. बघायचं असतं ते नंतर पिंजऱ्याशेजारी कोण बसतंय.

म्हणून विचारायचे प्रश्न, माझ्या मते या क्रमाने:

रक्ताची तपासणी करणार का? किमान सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एएलटी (यकृतासाठी). पंडुरोग, जंतांनी रक्त कमी झालेलं असणं, हे यातच सापडतं. आणि स्टेथोस्कोप लावून छाती नीट ऐकतात का ते बघा. मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बाहेरून दिसत नाही, कधी कधी ऐकूही येत नाही. मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

वजन त्याच दिवशी करणार ना? अडीच किलोच्या जिवात २०० ग्रॅमची चूक म्हणजे औषधात आठ टक्के.

भूल कोणती? नुसती झायलॅझिन-केटामाईनची इंजेक्शनं की पुढे आयसोफ्लुरेन गॅस? गॅस असेल तर कमी-जास्त करता येते, नळी घातलेली असते, ऑक्सिजन चालू असतो. इंजेक्शनची भूल वाईट असते असं नाही, हजारो ऑपरेशनं तिच्यावर होतात, पण श्वासनळीत नळी आणि हाताशी ऑक्सिजन हवाच. शिरेत सुई आधीच लावलेली हवी. पंजावरचा केसांचा चौकोन भादरलेला दिसला की समजायचं लावली होती.

ऑपरेशन चालू असताना नजर कशावर? पल्स ऑक्सिमीटर तरी असावं. अंगाखाली उबदार पॅड असावं, कारण एवढंसं अंग, पोट भादरून ओलं केलेलं, वर एसी. तापमान भराभर उतरतं आणि मग शुद्ध यायला वेळ लागतो.

आणि शेवटचा, जो कुणी विचारत नाही: शुद्धीवर येईपर्यंत जवळ माणूस असतो का, आणि घरी कधी सोडता? डोकं धरून बसता येतंय आणि अंग गरम आहे, याच्या आधी घरी आणू नका. "घेऊन जा, येईल तासाभरात शुद्धीवर" हे ऐकलंत तर तिथेच बाकावर बसून राहा.

आगाऊ बोका | मंगळवार, सकाळी ८:०२

एवढे प्रश्न विचारले तर आधी डॉक्टरांनाच भूल द्यावी लागेल.

भूलभुलैया | मंगळवार, सकाळी ८:१०

चांगला डॉक्टर उलट खूश होतो. जो चिडतो त्याच्याबद्दल तेवढी माहिती फुकट मिळाली. :)

उपासतापास | मंगळवार, सकाळी ९:१५

उपाशी ठेवायचं तर रात्री आठला शेवटचं जेवण, मग काही नाही, पाणीही नाही. सगळीकडे हेच सांगतात.

गच्चीवरचं ऊन | मंगळवार, सकाळी ९:४०

@उपासतापास, पाण्याबाबत असहमत. पाणी सकाळी निघेपर्यंत ठेवायचं. अन्न सहा ते आठ तास बंद, बस. ऑपरेशन सकाळी नऊचं असेल तर रात्री एक-दीडला थोडं द्यायला हरकत नसते. कोण उठतंय म्हणून लोक बाराला देऊन झोपतात, ते चालतं. पण दवाखान्याने वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा.

पोट रिकामं कशाला? भुलीत घशाचं झाकण ढिलं पडतं, उलटलेलं अन्न फुप्फुसात जातं. झायलॅझिनने तर मांजरांना हमखास उलटी होते. पण चौदा-पंधरा तास कोरडं ठेवलं तर आम्ल वर येतं आणि लहान जिवाची साखर उतरते. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर तीन-चार तासच. म्हणून लहान पिल्लं यादीत पहिली घ्यायची असतात. "नऊला आणा, बहुतेक दोनला घेऊ" म्हणाले तर तिचा नंबर आधी लावायला सांगा.

उपास मोडायच्या चोरवाटाही बंद करा: दुसऱ्या मांजराची वाटी, सिंकमधलं खरकटं, तुळशीखाली चिमण्यांसाठी टाकलेला भात. आणि चुकून खाल्लंच तर लपवू नका. तारीख बदलते, बाकी काही बिघडत नाही.

साहेबाच्या देशातून | मंगळवार, दुपारी १२:३०

इकडे ब्रिटनमध्ये बहुतेक जण हे ऑपरेशन डाव्या कुशीतून करतात, अमेरिकेत पोटाच्या मध्यरेषेतून. भारतात दोन्ही बघायला मिळतं. धागाकर्तीने विचारून ठेवावं, नाहीतर घरी आल्यावर पोटावर टाके सापडत नाहीत म्हणून लोक घाबरतात.

टाका उलटा टाका सुलटा | मंगळवार, दुपारी १:१०

यावर दोन्ही बाजूंचे लोक हिरीरीने भांडतात, पण निरोगी तरुण मांजरीत फरक थोडा. मध्यरेषेत दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय एकाच छेदातून नीट दिसतं, रक्त सुटलं तर छेद वाढवता येतो. गाभण असेल, पू असेल, तर मध्यरेषाच. कुशीतून केलं तर जखम लांबून दिसते आणि टाके सुटले तरी आतडी बाहेर यायचा धोका कमी, म्हणून सोडून द्यायच्या भटक्या मांजरींना ते सोयीचं. पाजणाऱ्या मांजरीतही, कारण दुधाने भरलेले सड वाटेत येत नाहीत. पण कुशीतून पलीकडचं अंडाशय ओढून काढावं लागतं.

सयामी किंवा तसल्या टोकांना गडद रंगाच्या मांजरांत कुशीवर भादरलेल्या जागी केस काळपट उगवतात, कारण त्यांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो. दिसायला ठिगळ.

सर्जनला जी पद्धत रोजची, ती तिच्यासाठी चांगली. त्याच्या हातात वाद घालू नका.

केसाळ प्रकरण | मंगळवार, दुपारी २:००

आमची पर्शियन आहे, नाक अगदी आत. तिलाही हेच सगळं लागू का?

भूलभुलैया | मंगळवार, दुपारी २:२५

थोडं जास्त. चपट्या नाकाच्या मांजरांची नाकपुडी अरुंद आणि टाळू लांब, त्यामुळे गुंगी चढताना आणि नळी काढल्यावर श्वास अडकू शकतो. नळी घालूनच भूल, आधी दोन-तीन मिनिटं ऑक्सिजन, आणि नळी उशिरा, पूर्ण गिळायला लागल्यावर काढायची. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या होण्याचा आनुवंशिक आजार असतो, म्हणून क्रिएटिनिन टाळू नका, जमलं तर पोटाची सोनोग्राफीही करा. आणि ऑपरेशनआधी दोन दिवस विंचरून गुठळ्या काढा.

कापडचोपड | मंगळवार, दुपारी ४:४०

आता माझा विषय. टाके चाटू नयेत म्हणून कॉलर की सूट?

कॉलर म्हणजे तो प्लॅस्टिकचा भोंगा. भरवशाचा, पण मांजर त्यात भांबावते, मागे मागे चालते, पाण्याची वाटी भोंग्याने उलटवते. वाटीऐवजी उथळ ताटली, तीही दोन इंच उंच पाटावर. भोंग्याची कड नाकाच्या पुढे दीड-दोन सेंटिमीटर यायला हवी. आखूड असेल तर ती टाक्यापर्यंत पोचतेच. गळ्याशी दोन बोटं जातील एवढी ढिलाई.

सूट घरी होतो. जुन्या टी-शर्टची लांब बाही घ्या, सुती आणि ताणणारी. बाहीचा मनगटाकडचा भाग गळ्याला. तिथून चार-पाच सेंटिमीटरवर पुढच्या पायांसाठी दोन भोकं, रुपयाएवढी, जास्त नाही, ताणून मोठी होतात. लांबी गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत. मागे चिरून चार बंद (नाड्या) करा आणि मागच्या पायांभोवती, शेपटीच्या खालून गाठ वर पाठीवर. गाठ पोटाकडे आली तर तीच चावत बसते. पोटाखालचं कापड शूच्या जागेच्या दोन बोटं अलीकडे संपलं पाहिजे, नाहीतर ओलं होतं आणि ओलं कापड टाक्यावर म्हणजे जंतूंना आमंत्रण. दोन शिवून ठेवा, रोज बदला, बदलताना टाके बघून होतात.

सूट घातल्यावर काही मांजरं आडवी पडतात आणि पाय गेल्यासारखं करतात. अर्धा-एक तास नाटक चालतं. ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज थोडा वेळ घालून सवय लावली तर नंतर निभावतं.

कोकणी कांडर | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा पिढ्यानपिढ्यांचा प्रश्न. इथे तर सगळा झंपर शिवून झाला.

टाका उलटा टाका सुलटा | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

सूट चांगला, पण काही मांजरी कापडावरून चाटत बसतात. तसं दिसलं की भोंगा. कुठलाही घ्या, दहा ते चौदा दिवस, चोवीस तास. "जेवताना जरा काढला" यातच टाके जातात. मांजराची जीभ म्हणजे किसणी, दहा मिनिटं पुरतात.

औषधांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो आणि मोठ्याने लिहितो. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. क्रोसिन, डोलो, लहान मुलांचं सिरप, काहीही. त्यांच्या यकृतात ते निकामी करायची यंत्रणाच अपुरी, रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन तेही नाही. वेदनाशामक डॉक्टर देतील तेवढंच. मेलॉक्सिकॅमचं सिरप दिलं तर बाटलीवर बघा: मांजरांचं मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम असतं, कुत्र्यांचं १.५. घरात कुत्र्याची बाटली आहे म्हणून तेवढेच थेंब दिले तर तिप्पट झालं.

टाक्यावर डेटॉल नाही, स्पिरिट नाही, हळद-खोबरेल नाही. चाटून सगळं पोटात जातं, आणि तेलाने टाके कोरडे राहत नाहीत. काही लावायचं नसतंच बहुधा.

अँटिबायोटिक म्हणून डॉक्सीची (डॉक्सिसायक्लिन) गोळी दिली असेल तर नुसती घशात टाकू नका. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकते आणि तिथे भाजल्यासारखा व्रण पडतो. गोळीमागोमाग बिनसुईच्या सिरिंजने पाच मिलि पाणी, गालाच्या बाजूने, हळूहळू.

बंद खिडकी | मंगळवार, रात्री ८:१०

पावसाळा संपेपर्यंत थांबावं का? ओलाव्याने टाके पिकतात म्हणतात.

कोकणी कांडर | मंगळवार, रात्री ८:३५

आमच्याकडे थांबायचं ठरवलं तर वर्षातले चार महिने मोकळे. ऋतूने टाके पिकत नाहीत, ओल्या बिछान्याने पिकतात. चादर कोरडी, रोज बदललेली, पंख्याखालची खोली. बाहेर जाणारी मांजर मात्र पावसाळ्यात दोन आठवडे आतच. जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला दीड दिवसही लागत नाही.

एकास दोन | मंगळवार, रात्री ९:००

घरात बोकाही आहे, तिचाच भाऊ. त्याचं नंतर केलं तर चालेल?

आगाऊ बोका | मंगळवार, रात्री ९:०४

रक्षाबंधन मांजरांत नसतं.

गच्चीवरचं ऊन | मंगळवार, रात्री ९:३०

@एकास दोन, विनोद बाजूला, पण ते खरं आहे. आणि बोक्याचं झाल्यावरही महिना-दीड महिना तो पिल्लं देऊ शकतो, नळीत साठा उरलेला असतो. म्हणून दोघांना वेगळं ठेवावंच लागतं. बोक्याचं सोपं, पोट उघडावं लागत नाही, बऱ्याचदा टाकाही नसतो.

आणखी एक, जे दोन मांजरांच्या घरात हमखास होतं. ऑपरेशनहून आलेलीला दुसरं मांजर ओळखत नाही, फिसकारतं, झापड मारतं. तिला दवाखान्याचा वास येत असतो. एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, दोघांची अंथरुणं अदलाबदल करा, मग भेट. मध्ये पडून समजूत घालू नका.

परळ टू पनवेल | मंगळवार, रात्री ९:५०

अवांतर: मुंबईतल्या लोकांनी खर्चाची चिंता असेल तर परळच्या बैलघोड्याला चौकशी करावी. पाटीवर बाई साकरबाई दिनशा पेटिट असं लांबलचक नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडा हॉस्पिटलच कळतं. शेजारीच व्हेटरनरी कॉलेज, तेही १८८६ पासूनचं. कुठेही जा, सांगितलेल्या रकमेत रक्ततपासणी, गॅस, कॉलर, टाके काढणं यातलं काय धरलंय ते आधी विचारा. स्वस्त-महागचा फरक बऱ्याचदा तिथे असतो.

सायलेंट म्याव | बुधवार, सकाळी १०:२०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं. माज थांबल्यावर पुढच्या आठवड्यातला शनिवार दिलाय. रक्ततपासणी त्याच्या दोन दिवस आधी. मध्यरेषेतून करतात, गॅस आहे, टाके आतले विरघळणारे. बाही शोधतेय.

आता पुढचं सांगा. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय बघायचं, आणि कधी घाबरायचं?

भूलभुलैया | बुधवार, सकाळी ११:४५

पहिली रात्र: लहान खोली, उंच काही नाही, पलंगावर नाही. पिंजरा किंवा खोका जमिनीवर, तोंड उघडं. दिवा मंद, टीव्ही बंद. अंग गार लागलं तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी, अंगाला चिकटून नाही. गुंगीतलं मांजर भाजत असलं तरी सरकत नाही.

दर तासा-दीड तासाला चार गोष्टी. ओठ वर करून हिरडी: गुलाबी हवी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या आत. कान आणि पंजे गरम. टाक्याची जागा: एखादा लालसर थेंब चालतो, टिपकागद भिजतोय म्हणजे नाही.

हिरड्या पांढऱ्या, अंग गार, उठवलं तरी उठत नाही, पोट फुगतंय, असं एकत्र दिसलं तर आत रक्तस्राव. तेव्हा फोनवर वर्णन करत बसायचं नाही, निघायचं. रात्री उघडा असलेला दवाखाना आणि तिथे जायला किती वेळ लागतो, हे शुक्रवारीच शोधून ठेवा.

घरी थर्मामीटर असेल तर सामान्य १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. माणसाच्या हिशेबाने हा ताप वाटतो, घाबरू नका.

टाका उलटा टाका सुलटा | बुधवार, दुपारी १२:३०

यापुढचे दिवस जोडतो. शू चोवीस तासांत व्हायला हवी. शी दोन-तीन दिवस नाही झाली तरी चालतं, पोट रिकामंच होतं. लिटर (शी-शूच्या ट्रेमधली माती) बारीक गोळे होणारं असेल तर आठवडाभर बंद, वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला, नाहीतर धूळ टाक्यात बसते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाक्याखाली पेन्सिलएवढी कडक वळी लागते. ती बरं होण्याचीच खूण. मऊ, पाणी भरल्यासारखा फुगा आला आणि मांजर खातंपितंय, तर बहुधा उड्या मारून साठलेलं पाणी. फोडायचा नाही, दाखवायचा. गरम, लाल, वास, पू, जेवण बंद: संसर्ग. फुगा दाबल्यावर आत जातो आणि सोडल्यावर बाहेर येतो: आतला टाका सुटलाय, त्याच दिवशी दवाखाना.

धोक्याचे दिवस पाच ते आठ. औषध संपलेलं असतं, तिला एकदम बरं वाटतं, आणि ती फ्रिजवर उडी मारते. कातडी जुळलेली दिसते पण आतला स्नायूचा थर अजून धाग्यावरच असतो. खिडकीजवळची खुर्ची, कपाटाची शिडी, सगळं आधीच हलवा. आतले टाके असले तरी बाराव्या-चौदाव्या दिवशी दाखवून या. धागा पूर्ण विरघळायला दोन महिनेही लागतात, तोवर बारीक गाठ हाताला लागली तरी चालेल.

उपासतापास | बुधवार, दुपारी १:००

नंतर मांजरं जाडी होतात ते खरं का?

गच्चीवरचं ऊन | बुधवार, दुपारी १:२०

होतात, कारण गरज पाव हिश्शाने कमी होते आणि वाटी तेवढीच भरली जाते. उलट भूक वाढते. पण ही सात महिन्यांची आहे, अजून वाढतेय, म्हणून लगेच कापाकापी नको. वर्षापर्यंत पिल्लांचंच खाणं, फक्त किचनच्या काट्यावर मोजून, दिवसाचं एकदाच काढून डब्यात. महिन्याला वजन. हात फिरवल्यावर बरगड्या लागायला हव्यात. नुसती मऊ गादी लागली तर कमी करा.

पुन्हा एकदा | गुरुवार, रात्री १०:१५

एक शंका. ऑपरेशन होऊन तीन-चार महिन्यांनी मांजर पुन्हा लोळायला, ओरडायला लागली तर?

टाका उलटा टाका सुलटा | गुरुवार, रात्री १०:४०

अंडाशयाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता. उजवं जरा वर आणि खोल असतं, तिथे जास्त होतं. पिल्लं होणार नाहीत, पण माज येतो आणि कॅन्सर टळण्याचा फायदाही हातचा जातो. माज चालू असताना व्हिडिओ काढा आणि त्याच दिवसांत दाखवा, योनीच्या पेशींचा स्मिअर (काचेवर घेतलेला नमुना) तेव्हाच खूण देतो. पुन्हा पोट उघडून तो तुकडा काढावा लागतो, आणि गंमत म्हणजे ते माजाच्या वेळीच सोपं, तुकडा फुगून सापडतो.

सायलेंट म्याव | पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:५०

ऑपरेशन झालं, दुपारी चारला घरी आणली. हिरड्या गुलाबी, अंग गरम, श्वास २४. पण डोळे सताड उघडे, बाहुल्या मोठ्या, डोकं झुलवतेय आणि भिंतीकडे बघत बसलीये. हे काय?

भूलभुलैया | शनिवार, संध्याकाळी ६:५८

केटामाईन. गॅसआधी दिलं असेल. उतरेपर्यंत असंच दिसतं, चार-सहा तास, कधी रात्रभर. दिवा मालवा, हाका मारू नका, उचलू नका. फार आवाज झाला तर घाबरून धडकत सुटेल.

सायलेंट म्याव | शनिवार, संध्याकाळी ७:०५

आणि जेवण?

गच्चीवरचं ऊन | शनिवार, संध्याकाळी ७:१२

सरळ बसून मान स्थिर ठेवता येईल तेव्हा आधी दोन-तीन चमचे पाणी. अर्ध्या तासात उलटलं नाही तर एक मोठा चमचा उकडलेलं चिकन, कुस्करून, मीठ-कांदा-लसूण काही नाही. दूध नको. दोन तासांनी तेवढंच पुन्हा. आज नाही खाल्लं तरी चालेल, पण उद्या दुपारपर्यंत तोंड लावलं नाही तर फोन करा.

आगाऊ बोका | शनिवार, संध्याकाळी ७:२०

पार्किंगमधले दोघे निवृत्त झाल्याचं कळवतो. चिकन उरलं तर इकडे द्या.